आमच्या स्विचबोर्डांना अर्थच नाही!

मंडळी, आधीच सांगून टाकते. कॉम्प्युटरवर गाणी ‘प्युअर’ ऐकू यावीत म्हणून कुणी हजारो रुपये मोजून लिनिअर पॉवर सप्लाय आणायला निघालं असेल, तर त्याने (किंवा तिने) आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघावं आणि मग खिशाकडे. हॉस्टेलमध्ये स्पीकरमधून घरघर आली की खापर एसएमपीएसवर फोडायचं, अशी आपल्याकडे पद्धतच पडली आहे. माझ्या मते तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. आरोपी भिंतीत असतो. आणि हा आरोपी नुसती गाणी बिघडवून थांबणारा नाही, त्याच्यामुळे माणूस मरू शकतो. नाहीतर सबमिशनच्या तोंडावर एवढं लिहायला मला वेळ कुठला?

पण आधी सप्लायचं बोलू, कारण सल्ला विचारायला येणारे तेच विचारतात. ‘ऑडिओसाठी कमी आवाजाचा एसएमपीएस कुठला घेऊ?’ आता आवाज म्हणजे कुठला आवाज? मराठीत शब्द एकच, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. तपकीर गल्लीत जाऊन ‘कमी आवाजाचा द्या’ म्हटलं, तर दुकानदार ज्याचा पंखा कमी वाजतो तो डबा काढून देतो. त्याचं काही चुकत नाही. पण ऑडिओवाले ज्याला नॉइज म्हणतात तो पंख्याचा नसतो; डीसी व्होल्टेजवर स्वार होऊन आलेला तो कचरा असतो. स्पीकरमधून बाहेर पडला तरच तो कळतो. दोन्हींची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. खोकल्याचं औषध पायाला चोळलं तर दोष औषधाचा नाही.

पंख्याचा आवाज सोपा आहे, तो उरकून टाकू. पंखा किती जोरात फिरतो यावर आवाज फार झपाट्याने बदलतो. पंख्यांसाठी जो नेहमीचा नियम वापरतात त्याप्रमाणे वेगांच्या गुणोत्तराचा लॉग घ्यायचा आणि त्याला ५० ने गुणायचं, की डेसिबलमधला फरक मिळाला. वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून १२० किंवा १४० मिलिमीटरचा, सावकाश फिरणारा मोठा पंखा हवा. जुन्या डब्यांतला ८० मिलिमीटरचा पंखा तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांताने पळतो, आणि रात्री दोन वाजता जर्नल लिहिताना पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं. गाणी ऐकायच्या आणि कोड लिहायच्या मशीनला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, शंभर-दीडशे वॉटच्या वर सहसा लागत नाहीत. चांगल्या ४५० किंवा ५५० वॉटच्या सप्लायला एवढा लोड म्हणजे रविवारची सकाळ. काही सप्लायमध्ये तर ठराविक लोडपर्यंत पंखा फिरतच नाही. तेव्हा १००० वॉटचा आणून मिरवायचं काही कारण नाही.

इथे लेबलाबद्दल एक सांगायलाच हवं. ‘८० प्लस गोल्ड आहे, म्हणजे एकदम सायलेंट आणि क्लीन’ असं छातीठोकपणे सांगणारे तज्ज्ञ प्रत्येक मजल्यावर एक तरी असतातच. २००४ साली सुरू झालेलं हे ८० प्लस फक्त कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर बघतं. डबा किती वाजतो, आउटपुटवर किती रिपल आहे, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. उष्णता कमी, म्हणून पंख्याला काम कमी, एवढाच काय तो आडून आलेला संबंध. आवाजाचाच दर्जा बघायचा असेल तर सायप्रसमधली सायबेनेटिक्स ही संस्था तो मोजून ‘लॅम्डा’ श्रेणी देते, ती बघा. ए प्लस प्लस म्हणजे सरासरी १५ डेसिबलच्याही खाली, म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या सीलिंग फॅनपुढे शून्यच!

आता दुसरा आवाज. इंटेलच्या एटीएक्स डिझाइन गाइडप्रमाणे १२ व्होल्टच्या लाइनवर १२० मिलिव्होल्ट आणि ५ व ३.३ व्होल्टच्या लाइनवर ५० मिलिव्होल्ट इतका पीक-टू-पीक रिपल चालतो. त्याच्याशेजारी ऑडिओचा हिशोब मांडा. लाइन आउट २ व्होल्ट आरएमएसचं धरलं तर पीक-टू-पीक झाले साधारण ५.६६ व्होल्ट. सीडीच्या १६ बिटमध्ये पायऱ्या असतात ६५,५३६. भागाकार केला की एक पायरी येते ८६ मायक्रोव्होल्टची. म्हणजे १२ व्होल्टवर चालवून घेतलेला रिपल या पायरीच्या जवळजवळ चौदाशेपट! हेच गणित दाखवून लिनिअर सप्लाय विकणारे आपल्याला घाबरवतात. गणितात चूक नाही, निष्कर्षात आहे.

कारण ते १२ व्होल्ट काही थेट डॅकच्या तोंडात पडत नाहीत. मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी कॉइल आणि कपॅसिटरची जी रांग दिसते ती व्हीआरएम. ती त्या १२ व्होल्टची सेकंदाला लाखो वेळा चिरफाड करून प्रोसेसरला लागणारे एक-सव्वा व्होल्ट बनवते. तुम्ही बाहेरून कितीही गाळून, उकळून शुद्ध १२ व्होल्ट आणा, आत गेल्यावर व्हीआरएम, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड मिळून त्यात पुन्हा गाळ कालवणारच. तुरटी फिरवलेलं पाणी गटाराच्या पाइपातून खोलीत आणण्यासारखं आहे हे. माउस हलवला किंवा पान खाली सरकवलं की हेडफोनमध्ये जी किर्रकिर्र येते ती या गाळाची. तिच्यावर इलाज सप्लाय बदलणं हा नाही. डॅक त्या डब्याच्या बाहेर काढणं हा आहे.

शिवाय एसएमपीएसचं स्विचिंग बरंच वर, म्हणजे बऱ्याचदा पन्नास ते दीडशे किलोहर्ट्झच्या घरात चालतं. आपला कान २० किलोहर्ट्झला हात टेकतो (आणि गॅदरिंगच्या डीजेशेजारी उभं राहणाऱ्यांचा त्याआधीच). मग स्पीकरमधून जाड, खालच्या पट्टीतली घरघर येते ती कुणाची? आपल्याकडे मेन्सची फ्रीक्वेन्सी ५० हर्ट्झ. रेक्टिफायरच्या पुढे तीच १०० हर्ट्झ होते. तेव्हा घरघर ऐकून नुसता तर्क करू नका. स्पीकरपाशी बऱ्यापैकी माइक धरून ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा आणि स्पेक्ट्रम काढा. टोक ५० वर आणि त्याच्या विषम पटींवर दिसलं तर दोष बहुधा वायरिंगचा आणि अर्थिंगचा. १०० वर आणि तिच्या पटींवर असेल तर स्पीकरच्या आतला फिल्टर कपॅसिटर म्हातारा झाला असण्याची शक्यता जास्त. दहा मिनिटांचं काम आहे. एफ.ई.चं पोरगंही करेल.

वायरिंगचा दोष म्हणजे काय ते नीट बघू, कारण खरी गोम इथे आहे. तुमचं कॅबिनेट टेबलाशेजारच्या बोर्डात लावलंय, त्याची अर्थ एका वायरने गेली. अँप्लिफायर पलंगामागच्या बोर्डात, त्याची अर्थ दुसऱ्या वायरने. आता या दोघांमध्ये तुम्ही ऑडिओ केबल लावलीत. त्या केबलची बाहेरची जाळी दोन्ही अर्थ एकमेकांना जोडते आणि एक मोठं वेटोळं तयार होतं. हा ग्राउंड लूप. दोन्ही बोर्डांच्या अर्थमध्ये अगदी २ मिलिव्होल्टचा फरक असला, तरी तो थेट तुमच्या २ व्होल्टच्या सिग्नलमध्ये मिसळतो. हजारास एक, म्हणजे ६० डेसिबल खाली. ढोल-ताशा चालू असताना कळणार नाही. पण किशोरीताईंचा आलाप लावा, त्यात दोन स्वरांमध्ये जागा येते, आणि नेमकं तिथे हे भूत गुणगुणायला लागतं. या वेटोळ्यात एसएमपीएसच्या जागी लाखाचा लिनिअर सप्लाय बसवलात तरी वेटोळं तसंच राहतं.

आणि इथे प्रवेश होतो आपल्या सुप्रसिद्ध हॉस्टेल जुगाडाचा. कुणीतरी सीनिअर सांगतो, ‘प्लगची तिसरी पिन काढून टाक, घरघर बंद.’ पिन मोडली जाते, घरघर खरंच बंद होते, आणि सीनिअर देव ठरतो. (दोन पिनांचा प्लग घुसवण्यासाठी वरच्या भोकात बॉलपेन खुपसणारे याच पंथाचे.) तिसरी पिन इतर दोघींपेक्षा जाड आणि लांब का असते, हे कुणी विचारतच नाही. प्लग लावताना तिने सगळ्यांत आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावं, म्हणून. ती शोभेची नाही.

पिन मोडल्यावर होतं काय? बहुतेक एसएमपीएसच्या तोंडाशी वाय कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. त्यांचं काम म्हणजे स्विचिंगचा कचरा अर्थमध्ये ढकलणं. अर्थच नसेल तर हे दोन कपॅसिटर मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतात आणि अख्खं कॅबिनेट ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. टेस्टर लावून बघा, आतला दिवा पेटतो. ओल्या हाताने कॅबिनेटला स्पर्श केला की झिणझिण्या येतात, त्या याच. २.२ नॅनोफॅरडचा कपॅसिटर धरला तर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला त्यातून साधारण ०.१६ मिलिअँपिअर वाहतात. एवढ्याने कुणी मरत नाही, हे मान्य. गंमत म्हणजे हाच करंट मग ऑडिओ केबलच्या जाळीतून वाट काढतो आणि नवी घरघर सुरू करतो! कॅबिनेटला हात लावला की आवाज बदलत असेल, तर बहुधा हीच भानगड आहे असं समजायला हरकत नाही. पण उद्या त्या सप्लायच्या आत इन्शुलेशन गेलं आणि फेज बॉडीला टेकला, तर ११५ नाही, पूर्ण २३० व्होल्ट. तेही मागे खंबीर करंटसकट.

ठीक आहे, पिन मोडणं गाढवपणा आहे हे सगळेच म्हणतील. पण ज्यांची पिन शाबूत आहे त्यांनी तरी ती कशात घातली आहे? आम्ही तिघी-चौघींनी वायरमन काकांना सोबत घेऊन काही खोल्यांमध्ये मीटर लावून बघितला. चांगल्या बोर्डात फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थ एखाद-दोन व्होल्ट दिसायला हवेत. काही ठिकाणी दिसले. काही ठिकाणी फेज-अर्थचा आकडा नव्वद, एकशेवीस, मनाला येईल तसा भटकत होता, म्हणजे तिसरं भोक नुसतंच भोक आहे, त्याच्यामागे काहीही नाही. शाळेपासून इंग्लिशमध्ये शिकल्यामुळे ‘भूसंपर्कन’ हा शब्द मला आत्ता आत्ता कळला. काका मात्र साधं ‘अर्थ’ म्हणतात, आणि त्या दिवशी तो बोर्ड उघडून त्यांनी जे वाक्य उच्चारलं तेच मी या लेखाला शीर्षक म्हणून ढापलं आहे.

एका बोर्डाने तर आम्हाला चकवलंच असतं. तिथे न्यूट्रल-अर्थ बरोब्बर शून्य. आम्ही खूश! काका म्हणाले, इस्त्री लावा आणि पुन्हा बघा. तरीही शून्य. आता इस्त्रीचे चार-पाच अँपिअर न्यूट्रलमधून जाताना तिथे थोडा तरी व्होल्टेज ड्रॉप यायला हवा की नको? उघडून बघितलं तर आत एक वितभर वायर, न्यूट्रलवरून थेट अर्थच्या स्क्रूला मारलेली. कुणीतरी कधीतरी ‘अर्थिंग करून दिलं’ ते हे असं. टेस्टरला हे खोटं अर्थिंग छान दिसतं. पण अशा बोर्डात सगळ्यांच्या पंख्याचा, दिव्यांचा, इस्त्रीचा करंट ज्या न्यूट्रलमधून जातो तोच तुमच्या ऑडिओचा ग्राउंड होतो, म्हणजे घरघर फुकट घरपोच. आणि तो न्यूट्रल मागे कुठे सुटला, तर चालू असलेल्या दिव्यातून फेज येऊन कॅबिनेटवर बसतो. पिन न मोडता, नियम पाळून बसलेल्या मुलीच्या कॅबिनेटवर.

याहून वाईट एक प्रकार असतो. खोल्याखोल्यांमधली हिरवी वायर एकमेकींना जोडलेली असते, पण खाली खड्ड्यापर्यंत जाणारी पट्टी गंजून तुटलेली. मग एका खोलीत पाणी तापवायच्या रॉडचा (रेक्टर मॅडम, हे आपलं काल्पनिक उदाहरण आहे) किंवा इस्त्रीचा फेज बॉडीला टेकला, की त्या हिरव्या वायरवरून तो विंगमधल्या सगळ्या कॅबिनेटवर जाऊन पोचतो. कुणी हुशार म्हणेल, म्हणजे पिन मोडणाराच वाचला की! हो, त्या एका दिवशी. बाकी तीनशे चौसष्ट दिवस त्याचं स्वतःचं कॅबिनेट त्याला घाबरवायला मोकळं असतं. वायर तुटली म्हणून पिन मोडायची नसते, वायर जोडायची असते.

आता काय करायचं ते सांगते. पहिलं म्हणजे कॉम्प्युटर, अँप्लिफायर, डॅक सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा, आणि तो बोर्ड अर्थ तपासलेल्या सॉकेटमध्ये. वेटोळं लहान झालं, दोन अर्थमधला फरक जवळजवळ संपला. ऑडिओच्या वस्तू फार वॅट खात नाहीत, बोर्डाला त्याचा भार होत नाही; फक्त त्यात रॉड लावू नका. माझ्या बघण्यात अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात आणि खर्च येतो चांगल्या एक्स्टेंशन बोर्डाएवढा. लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बघावं. बॅटरीवर घरघर गेली, तर गुन्हेगार चार्जर आणि अर्थ यांच्यापैकीच कुणीतरी. अँप्लिफायरच्या व्हॉल्यूमचं बटण फिरवूनही बघा. घरघर त्याच्याबरोबर कमी-जास्त झाली तर ती बटणाच्या आधी घुसते आहे, न झाली तर नंतर, म्हणजे अँप्लिफायरच्या पोटातच दुखणं आहे.

एवढ्यानेही गेली नाही तर विजेचा संबंधच तोडायचा, पण अर्थचा नाही, सिग्नलचा. मदरबोर्डला ऑप्टिकल आउट असेल तर प्रश्नच मिटला. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेलं टॉसलिंक अजूनही झकास चालतं. प्लॅस्टिकच्या फायबरमधून प्रकाश जातो, करंट जात नाही. युएसबी डॅक असेल तर एडीयूएम४१६० या चिपचे युएसबी आयसोलेटर मिळतात. १२ मेगाबिटच्या फुल स्पीडपुरतेच चालतात, पण २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या स्टीरिओला ४.६ मेगाबिट लागतात, सगळा जमाखर्च बसतो. दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेला ग्राउंड लूप आयसोलेटरही चालेल, मात्र स्वस्तातले खालचे स्वर खातात. तबल्याचा डग्गा पुठ्ठ्याचा वाटायला लागतो.

लिनिअर सप्लायवर माझा राग नाही. तो कुठे लावायचा एवढंच म्हणणं आहे. आख्ख्या कॉम्प्युटरला लिनिअर लावणं म्हणजे पैसे आणि उष्णता दोन्ही जाळणं. शिवाय ५० हर्ट्झचा मोठा ट्रान्सफॉर्मर स्वतःच १०० हर्ट्झला गुणगुणतो आणि शेजारच्या डॅकमध्ये आपलं चुंबकीय क्षेत्र सोडतो. पण बाहेरच्या छोट्या डॅकला, जो पाच व्होल्टवर दोन-तीनशे मिलिअँपिअर घेतो, तिथे तो शोभतो. आणि तो विकत कशाला आणायचा? आपण ई अँड टीसीवाले ना! ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलएम३१७. ३०० मिलिअँपिअरला कपॅसिटरवरचा रिपल येतो ०.३ भागिले (१०० गुणिले ०.००४७), म्हणजे ०.६४ व्होल्ट. अ‍ॅडजस्ट पिनवर १० मायक्रोफॅरड लावला तर एलएम३१७ साधारण ८० डेसिबल रिपल दाबतो, म्हणजे बाहेर उरले ६४ मायक्रोव्होल्ट. वर काढलेल्या ८६ च्या पायरीखाली! पुढे डॅकची स्वतःची गाळणी आहेच. ज्यांना याहूनही सोवळं पाळायचंय त्यांनी ०.८ मायक्रोव्होल्ट आरएमएस नॉइजचा एलटी३०४५ लावावा. प्रायमरीला फ्यूज, धातूचा डबा, डब्याला अर्थ. एस.ई.च्या मिनी प्रोजेक्टला दरवर्षी तोच तो लाइन फॉलोअर बनवण्यापेक्षा हे बरं.

एसएमपीएसबद्दल एवढंच, की कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येणारा डबा हातात घेऊन बघा. वर ४५० वॉट लिहिलेलं आणि वजन टिफिनएवढं असेल तर आत फिल्टरची कॉइल, मोठे कपॅसिटर, काहीतरी गायब आहे. तो बदला. नवा घेताना ज्या परीक्षणात ऑसिलोस्कोपवर रिपल दाखवलाय त्यावरच विश्वास ठेवा. आणि खोलीत स्वस्तातला यूपीएस असेल तर एक धोका लक्षात घ्या: अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय चौकोनी वेव्हवर गेल्यावर लगेच बंद पडतात. लाइट गेली की मशीनही गेलं, मग तो यूपीएस कशासाठी? दुकानातच जोडून बघा.

उरलेला भाग स्टाफसाठी. एमसीबी आहेत की, असं ऑफिसमधून उत्तर येतं. बरोबर, आहेत. पण १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी क्षणात पडायला ८० ते १६० अँपिअर लागतात. अर्थच्या वाटेचा एकूण रोध १० ओहम असला, तर २३० व्होल्टला वाहतील २३ अँपिअर. एमसीबी विचार करत बसेल आणि कॅबिनेट फेजवर राहील. त्यासाठी आरसीसीबी हवा, ३० मिलिअँपिअरचा. तोही सगळ्या विंगला मिळून एकच नको. प्रत्येक कॉम्प्युटरचा वाय कपॅसिटरमधून होणारा गळका करंट ०.३५ मिलिअँपिअर धरला तर चाळीस मशीनचे १४ होतात, आणि असा आरसीसीबी १५ ते ३० मध्ये कधीही पडू शकतो. मग तो सारखा पडतो म्हणून कुणीतरी बायपास करतं, आणि आपण होतो तिथेच. चार-सहा खोल्यांना एक, असा हिशोब करावा लागेल.

अर्थचा खड्डा मोजायला बाहेरचा कॉन्ट्रॅक्टर लागत नाही. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये अर्थ टेस्टर आहे, दोन स्पाइक ठोकून फॉल ऑफ पोटेन्शिअलने रोध काढायचं प्रॅक्टिकल त्यांच्या जर्नलमध्ये आहे, आणि दरवर्षी ते लॅबमागच्या त्याच खड्ड्यावर होतं, ज्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. या वर्षी ती बॅच हॉस्टेलच्या खड्ड्यावर न्यावी. बोर्ड तपासायचं काम वायरमन काका आणि आम्ही मिळून करू. तीन दिव्यांच्या सॉकेट टेस्टरवर न थांबता इस्त्रीचा लोड लावून, कारण वितभर वायरवाला बोर्ड त्या तीन दिव्यांत पास होतो. खोलीवार आकडे नोटीस बोर्डावर लावावेत. हिरवी वायर बदलायला दिवाळीची सुट्टी बरी पडेल. खोल्या रिकाम्या असतात आणि मेन स्विच बंद ठेवला तरी कुणी खिडकीतून ओरडत नाही.